'ऑफ'चा 'ओ' छोटा का?

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात गेलात, तर शिल्पांवरची नजर थोडा वेळ बाजूला काढा आणि यादव राजा सिंघणाच्या काळातला शिलालेख पाहा. तेराव्या शतकातला हा लेख, भाषा संस्कृत, लिपी देवनागरी. त्यात राजाचं नाव आहे, देवाचंही आहे. पण नाव म्हणून एकाही अक्षराला शेजाऱ्यापेक्षा जास्त उंची मिळालेली नाही! तिथल्याच जुन्या कन्नड लेखांतही तोच प्रकार.

राजालाही कॅपिटल अक्षर न देणाऱ्या या लिपीत चित्राचं नाव ओळखायचं कसं?

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीवर धरलेला तळवा आणि बोटांमधून झिरपणारा उजेड. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. उजेडाची ती सारी किमया त्यांनी जलरंगात साधली, हे कळल्यावर तर पुन्हा पाहावंसं वाटतं. चित्रातली तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता; त्या पुढे आपल्या कोल्हापुरात राहिल्या.

चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. इंग्रजीत ते लिहिताना 'ग्लो' आणि 'होप' कॅपिटलने सुरू होतात, 'ऑफ' मात्र छोट्या अक्षराने. अर्थाचं ओझं वाहणाऱ्या शब्दांना मान, जोडणाऱ्यांना नाही. सोपं वाटतं ना? पण याच चित्राला 'लेडी विथ द लॅम्प' असंही म्हणतात. आता 'विथ'चं काय करायचं? अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसच्या नियमाप्रमाणे चार अक्षरी शब्द म्हणून त्याला कॅपिटल मिळतं; शिकागोच्या प्रसिद्ध शैलीपुस्तकाप्रमाणे मिळत नाही. चित्र एक, भाषा एक, देशही एक, तरी एका अक्षराच्या उंचीवर एकमत नाही!

इटालियनमध्ये साधारणपणे पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच उंच. जर्मनमध्ये प्रत्येक नाम उंच, कारण एरवीच्या वाक्यातही ते तसंच असतं. फ्रेंचांची रीत तर फारच मजेची. फ्रेंच चित्रकार माने यांच्या 1863च्या प्रसिद्ध चित्राचं नाव 'ल देज्यूने स्युर लेर्ब', म्हणजे 'गवतावरचं जेवण', असं. त्यात सुरुवातीचं उपपद उंच, लगेच येणारं 'जेवण' उंच, पण शेवटचं 'गवत' छोटं. पहिल्या नामापाशी मान संपतो.

ही उंचसखल अक्षरं आली कुठून? प्राचीन रोमच्या शिलालेखांत सगळीच अक्षरं मोठी होती. भराभर लिहिणाऱ्या हातांनी शतकानुशतकं ती गोलावली, लहान केली. सम्राट शार्लमेनच्या काळात, इसवी सन 800च्या आसपास, त्यांना नेटकं रूप आलं. पुढे दोन्ही वळणं एकाच ओळीत शेजारी बसली. आपल्या लिपीत अशी जोडी झालीच नाही.

मग आपण काय केलं? अवतरणचिन्हं घेतली. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये दंडाखेरीज फारसं काही नसे. आजच्या विरामचिन्हांची घडी मराठीत एकोणिसाव्या शतकात बसली आणि तिचं मोठं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. 'हळदणकरांनी दिवा घेतलेली स्त्री रंगवली' असं लिहिलं, तर ते चित्राचं वर्णन झालं. त्यातल्या 'दिवा घेतलेली स्त्री' या शब्दांभोवती एकेरी अवतरणचिन्हं घाला. तेच शब्द चित्राचं नाव होतात!

मला तर ही सोय कॅपिटलपेक्षा सरस वाटते. कॅपिटल अक्षर नाव सुरू झाल्याचं सांगेल, संपल्याचं नाही. म्हणून इंग्रजीला वर तिरका ठसाही लागतो. शिरोळकडच्या उसाच्या रानाला दोन्हीकडून बांध असावा, तशी अवतरणचिन्हं नाव कुठून कुठवर ते दाखवतात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मराठीत नावाला विभक्ती लागते. एखाद्या चित्राचं नाव 'घोडा' असलं, तर 'घोडा'मध्ये लिहायचं की 'घोड्या'मध्ये? व्याकरण सामान्यरूप मागतं, चित्रकाराचं नाव मोडू नये असंही वाटतं. माझं मत नावाच्या बाजूनं. जाणते संपादक ''घोडा' या चित्रात' असं लिहून 'या'वर सगळा भार टाकतात आणि नावाला धक्काही लागत नाही. इंग्रजी नावाची मात्र ही अडचणच नाही: 'ग्लो ऑफ होप'मध्ये, 'ग्लो ऑफ होप'चा, 'ग्लो ऑफ होप'ला. नाव अवतरणचिन्हांच्या आत, प्रत्यय बाहेर.