पणजोबांचा माग धारवाडात

धारवाडच्या पश्चिम अंगाला केलगेरीचा तलाव. तिथून कर्नाटक विद्यापीठ जवळच. विद्यापीठाची स्थापना १९४९ची. पण त्याचाच भाग असलेली कन्नड संशोधन संस्था त्याहून थोरली, १९३९मध्ये मुंबई सरकारने सुरू केलेली. हस्तलिखिते, ताम्रपट, शिलालेख हा तिचा ठेवा.

धारवाड १९५६पर्यंत मुंबई राज्यात होते. म्हणूनच इथल्या मराठी घरांना पूर्वजांचा माग कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे काढावा लागतो.

या शोधाला निघण्यापूर्वी पणजोबांचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि अंदाजे साल टिपून घ्यावे. जुने मराठी कागद बहुधा मोडी लिपीत असतात: हात न उचलता लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारे. मोडी जाणणारे कुणी सोबत असावेच. त्या सलग वळणांत आपले आडनाव पहिल्यांदा उमटलेले दिसते, तेव्हा अंगावर काटा येतो.