शोभिवंत पाणवनस्पतींची छाट कलमाने अभिवृद्धी

रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला, बाकोपा (नीरब्राह्मी) या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींना शोभिवंत माशांच्या टाक्यांसाठी मागणी असते. त्यांची रोपे छाट कलमाने सहज तयार होतात. व्हॅलिस्नेरियाला मात्र असे उभे खोड नसते. ती धावत्या फुटव्यांनी वाढते, म्हणून तिचे फुटवे वेगळे करून लावावेत.

उसाच्या टिपरीला डोळा हवा, तसेच येथे पेर महत्त्वाचे. मुळे आणि नवे फुटवे दोन्ही पेरातूनच येतात. निरोगी शेंड्याचा १० ते १५ सें.मी. लांबीचा, चार-पाच पेरांचा तुकडा धारदार ब्लेडने पेराच्या लगेच खाली कापावा. बोथट कात्रीने खोड चेंगरते आणि तेथूनच कूज सुरू होते. खालच्या दोन पेरांची पाने काढून ती पेरे धुतलेल्या जाड वाळूत पुरावीत. पाने तशीच पुरली तर सडतात. जुड्या बांधून लावू नका. दोन कलमांत ३-४ सें.मी. अंतर ठेवा. मातृरोपाचा बुंधा उपटू नये, कापाच्या खालच्या पेरांतून त्याला पुन्हा फुटवे येतात.

सुरुवातीला पाणी २०-३० सें.मी. पुरे. नवी सिमेंटची टाकी असेल तर आधी पाणी भरून काही दिवसांनी बदला, असे दोन-तीनदा करा. सिमेंटमधील चुन्याने पाण्याचा सामू वाढतो. उन्हाळ्यात वर शेडनेट हवेच, कारण उथळ पाणी लवकर तापते. ताजे शेण टाकण्याचा मोह टाळा. त्यातून अमोनिया सुटतो, शेवाळ माजते आणि पानांवर बसते.

पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची कलमे पाण्यात लावली की जुनी पाने गळतात. घाबरून उपटू नका. खोड घट्ट व हिरवे असेल, तर पाण्याखालची नवी पाने येतात. ती बहुधा पातळ असतात. खोड मऊ, काळे पडले असेल तरच काढून टाका. हे ग्राहकालाही विक्रीवेळीच सांगावे, निम्म्या तक्रारी तेथेच मिटतील.

छाटणीचा कचरा ओढ्यात किंवा कालव्यात अजिबात टाकू नका. कालव्यांत माजणारे हायड्रिला एका पेराच्या तुकड्यापासूनही वाढते. मूळची अमेरिकेतील कॅबोंबा केरळच्या जलाशयांत अशीच डोकेदुखी झाली आहे. टाकीच्या सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. काढलेला पाला पाण्यापासून दूर, कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.