सुतावरून सुपरपॉवर!

बोटांतून धागे सोडणारे हीरो जपानमध्येच जन्माला येतात, असं कोण म्हणतं? आपल्या हिंगोलीच्या मातीत तर धाग्याची आख्खी रिळं पडलीत. फक्त टोक सापडायला हवं.

अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना धाग्याची पॉवर नवीन नाही. 'नारुतो'मधला कांकुरो बोटांतून चक्राचे धागे सोडून लाकडी बाहुल्या लढवतो. 'वन पीस'मधला डोफ्लामिंगो तर जिवंत माणसांनाच धाग्यावर नाचवतो. 'जोजो'मधली जोलीन स्वतःचं अंगच उसवून त्याचा दोरा करते. आणि स्पायडरमॅन तर 1962 पासून जाळ्याला लटकतोय.

आता आपल्याकडे कॉलेजात कथा लिहिणारी, वहीच्या मागच्या पानावर कॉमिक्स काढणारी पोरं काही कमी नाहीत. सिद्धेश्वरच्या धरणाकाठीही ती आहेत. पण हीरो काढायचा म्हटलं की त्याचं नाव जपानी, केस टोकदार आणि शहर टोकियो! का बरं? धाग्याचं सामान तर घरातच आहे.

शिंप्याचा दोरा

नरसी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेव शिंपी समाजातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यातल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही शिंप्याची हत्यारं त्यांनी थेट भक्तीच्या कामाला लावलीत. दुसऱ्या एका पदात पतंग उडवणारा पोरगा येतो. तो सोबत्यांशी गप्पा मारतोय, पण त्याचं सगळं चित्त दोरीवर आहे.

हे पद भक्तीचं आहे, ते तसंच राहू द्या. पण कथा लिहिणाऱ्यानं त्यातून एक गोष्ट नक्की शिकावी. धाग्याची खरी ताकद बोटात नसते, लक्षात असते. समजा तुमच्या हीरोचा धागा त्याचं लक्ष आहे तोवरच टिकतो. मग व्हिलनला तलवार कशाला पाहिजे? हीरोच्या खिशातला मोबाइल वाजला की काम झालं!

बाहुली कोणाच्या हातात?

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवत आलेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्रीचा खेळ बघताना एक गोष्ट ध्यानात येते. दोरी दोन्ही बाजूंनी ओढते. बाहुलीचं वजन, तिचा झोक कलाकाराच्या बोटांना कळत असतो. तो सांभाळला नाही तर बाहुली नाचत नाही, नुसती लोंबकळते.

डोफ्लामिंगोछाप पॉवरमध्ये नेमकं हेच हरवतं. तिथे धागा म्हणजे फक्त ताबा. आपल्या घरातले धागे मात्र बहुतेक जोडणारे. वटसावित्रीला वडाभोवती गुंडाळलेलं सूत, राखी, अनंत चतुर्दशीचा चौदा गाठींचा दोरा, जुन्या लुगड्यांच्या गोधडीवरचा धावदोरा. भाषाही बघा. सूत जुळतं, धागेदोरे लागतात, नाटकाला सूत्रधार असतो. निरगाठ सुटता सुटत नाही आणि सरगाठ एका झटक्यात सुटते. पॉवरच्या लेव्हल आयत्या तयार!

किंमत कोण मोजतं?

'मिस्टबॉर्न'चा लेखक ब्रँडन सँडरसन फँटसी लिहिणाऱ्यांना सांगतो की शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त रंजक असतात. पटतं. स्पायडरमॅनच्या जुन्या कॉमिक्समध्ये जाळ्याचं रसायन ऐन वेळी संपतं, म्हणून आपला जीव टांगणीला लागतो. जोलीननं जास्त धागा उसवला तर तिचाच जीव धोक्यात येतो.

एक नमुना बघा. आजीच्या गोधडीचा एक टाका उसवला की त्या लुगड्याच्या मालकिणीची आठवण डोळ्यांसमोर दिसते, अशी पॉवर एका मुलीला आहे. आई गेल्यावर ती रोज एक टाका उसवते. पण उसवलेला टाका परत बसत नाही. गोधडी विरत चाललीय, थंडी वाढत चाललीय आणि शेजारी धाकटा भाऊ कुडकुडतोय. आता आईला बघायचं की भावाला पांघरूण ठेवायचं? एकही फाईट नाही, तरी गोष्ट उभी राहिली.

किंमत हा शब्द आपल्याकडे आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. धाग्यात अद्भुत शक्ती असते, ही आपल्या गावांत नुसती कथा नाही, धंदाही आहे. रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावतो आणि दवाखान्याआधी गंडा-दोऱ्याची आठवण होते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून गंडा-दोरा, मंत्र-तंत्र करणं हा गुन्हा आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं झटले आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. चावलेल्या जागेच्या वर करकचून दोरी आवळणंही डॉक्टर नको म्हणतात. हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा, कारण सापाच्या विषावर उतारा फक्त तिथल्या इंजेक्शनचा.

मग आपण धाग्याच्या जादूच्या गोष्टी लिहायच्याच नाहीत का? उलट, जास्त लिहायच्या. गोष्टीतली जादू खोटी आहे हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. तो दोघांमधला उघड करार असतो. भोंदू नेमका हाच करार लपवतो. गोष्टीत शक्तीची किंमत हीरो मोजतो. भोंदूच्या दोऱ्याची किंमत रोगी मोजतो, कधी पैशानं, कधी जिवानं. ज्याला पॉवरचे नियम विचारायची सवय लागली, तो समोरच्या बाबालाही विचारेल, "महाराज, हा दोरा चालतो कसा? आणि नाही चालला तर भरपाई कोण देणार?"

पेन उचलण्याआधी चार प्रश्न

• धागा कशाचा आहे? कापसाचा, केसाचा, आठवणीचा, की आवाजाचा?
• तो कशानं तुटतो? न तुटणारा धागा म्हणजे कंटाळवाणी गोष्ट.
• वापरला की हीरोचं काय कमी होतं?
• दुसऱ्या टोकाला कोण आहे, आणि त्याला विचारलंय का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. त्याचं उत्तर सापडलं की टोक हाती लागलं समजा. पुढचा स्वर्ग सुतावरून गाठायला आपण मराठी माणसं तशी पटाईतच आहोत!