शिक्षा आणि सिक्खा

‘सर्व शिक्षा अभियान’ हे नाव 2001 नंतर गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर आले. हिंदी वाचकाला त्यात सर्वांसाठी शिक्षण दिसले. मराठी कान मात्र दचकला. सर्वांनाच शिक्षा? शिक्षकांमध्ये हा विनोद पुष्कळ दिवस चालला. 2018 मध्ये योजना ‘समग्र शिक्षा’ झाली, तरी शब्द तोच राहिला.

संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे आणि त्याचे इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’ म्हणजे समर्थ होऊ इच्छिणे. हिंदी व बंगालीत ‘शिक्षा’ विद्येशी जोडलेली राहिली. मराठी, कन्नड व तेलुगू भाषांत तिचा अर्थ दंड असा रूढ झाला; विद्येसाठी आपण ‘शिक्षण’ म्हणू लागलो. युरोपातही असेच घडले. लॅटिन ‘डिस्केरे’ म्हणजे शिकणे. त्याच कुळातील ‘डिसिप्लिन’ हा शब्द फ्रेंच व इंग्रजीत विद्याशाखेसाठी आजही वापरतात. पण ख्रिस्ती मठांत स्वतःच्या पाठीवर ओढायच्या चाबकालाही तेच नाव मिळाले.

पालीने मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवले. पंचशील ग्रहण करताना आपण पाच वेळा ‘सिक्खापद’ म्हणतो, म्हणजे शिकण्याचा, अभ्यासाचा नियम. शील, समाधी व प्रज्ञा या तीन सिक्खा. जो मार्गावर अजून शिकत आहे तो ‘सेख’. ज्याचे शिकणे पूर्ण झाले तो अर्हत ‘असेख’. शासनासाठी ‘दण्ड’ हा निराळाच शब्द आहे. धम्मपदाचा दहावा वर्ग त्याच नावाचा असून त्याचा रोख दंड उगारण्याविरुद्ध आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात. लेकरू वसतिगृहात ठेवताना एखादे वडील हात जोडून म्हणतात, “गुरुजी, चुकलं तर हाणा, पण शिकवा.” त्यांच्या मनात दोन्ही शब्द अजून एकच आहेत, आणि त्यामागे माया आहे, हेही खरे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. शिक्षणाच्या कायद्यात शिक्षेला बंदी, ही गंमत हिंदीत साधणार नाही.

सायंकाळच्या वंदनेत तेच लेकरू ‘सिक्खापद’ म्हणते. त्याचा अर्थ त्याला पहिल्याच आठवड्यात सांगावा; वडील गाडीत बसण्यापूर्वी ऐकायला थांबले, तर अधिकच बरे.