खापरपणजोबा कोणत्या वहीत?

२०२३ च्या पोळ्यापर्यंत आमच्या देवगाव फाट्यावर कुणी खापरपणजोबांचं नाव विचारलं असतं, तर यांच्या घरी श्राद्ध असेल अशीच समजूत झाली असती. बाप, आजा, पणजा एवढी तीन नावं आली की घरचं काम भागत होतं. पुढच्या दोन वर्षांत ते चित्र पालटलं. चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, सेलूच्या तहसील कचेरीत एकच सवाल ऐकू येऊ लागला, "नोंद सापडली का?" कसली नोंद, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळावं यासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि ७ सप्टेंबरला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या कागदांत 'कुणबी' नोंदी शोधायच्या, हे तिचं काम. ऑक्टोबरअखेर पहिला अहवाल आला. मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या घरात कागद तपासले गेले आणि नोंदी निघाल्या ११,५३०. नंतर समितीचं क्षेत्र राज्यभर वाढलं, जानेवारी २०२४ पर्यंत आकडा ५४ लाखांवर गेला. त्यात मराठवाड्याचा वाटा अगदीच थोडा होता. आरक्षण कुणाला मिळावं, हा वाद मोठा आहे आणि तो इथे करायचा नाही. मला बोलायचं आहे ते त्या शोधाबद्दल. एका अख्ख्या मुलखाने एकाच वेळी आपलं घराणं कागदात धुंडाळावं, असं आपल्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं.

अर्थात सगळ्यांसाठी ही पायपीट नवी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. अनुसूचित जातींच्या घरांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, हे हेलपाटे कितीतरी वर्षांचे आहेत. ज्यांच्या नावे शेत नाही, ज्यांचं गाव दर वर्षी बदलत आलं, त्या पारधी आणि वडार घरांनी ही दारं कधीच ठोठावून पाहिली होती. जमीनदार घरांना ती आत्ता दिसली, एवढंच.

समितीने कोणते कागद चालतील त्याची यादी काढली, ती वाचण्यासारखी आहे. तिच्यात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गावात कोण जन्मला-मेला ते सांगणारा गाव नमुना चौदा, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, भूमी अभिलेखचं पक्का बुक आणि क्लासर रजिस्टर, वक्फ कार्यालयातला मुंतखब हे सगळं आलं. पण त्याच यादीत दारू आणि ताडीच्या नोंदवह्या आहेत, पोलिसांचे अटक पंचनामे आहेत, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही आहे. भाडेचिठ्ठी, बटाई पत्रक, दत्तकविधान, इसार पावती आहे. यादी खालपर्यंत वाचली की कळतं, राज्यकर्त्यांनी आपल्या पूर्वजाचं नाव लिहिलं ते त्याच्याकडून काही येणं होतं म्हणून, नाहीतर त्याने काही विकलं, काही पिकवलं, कुणाला मारलं म्हणून. जो सरळमार्गी, बिनजमिनीचा, कधी शाळेत न गेलेला, त्याचं नाव मिळण्याची आशा सगळ्यात कमी. पणजोबा कच्च्या कैद्यांच्या वहीत सापडले म्हणून आनंद मानावा, अशी वेळ या शोधाने काही घरांवर आणली असणार.

मग आंदोलनात गाजलेलं ते निजामकाळचं हैदराबाद गॅझेट? त्यावरून सर्वांत जास्त गैरसमज झाले. गॅझेटात जिल्हावार जातींची संख्या मिळते, माणसांची नावं मिळत नाहीत. परभणी जिल्ह्यात कुणबी किती, हे तिथे समजेल. देवगावचा मारोती वल्द सखाराम कोण, हे समजणार नाही. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी झाली, पण घरोघर भरलेल्या पत्रकांवरून बेरजा झाल्या की ती पत्रकं ठेवण्याचा रिवाज नव्हता. राहिले ते तक्ते. नावं उतरून ठेवली गेली ती थेट १९५१ साली, नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरात.

याच वर्षांत इंग्लंडची शिरगणती पाहावी. तिथे १८४१ पासून घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलेली पानं जपली गेली आणि शंभर वर्षांनी लोकांना खुली होत गेली. १९२१ ची पानं जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ ची, त्याआधीचं पाहायचं तर चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या, ज्यांचा हुकूम १५३८ चा. म्हणून तिकडचा एखादा निवृत्त कारकून संगणकासमोर बसून आठ-दहा पिढ्या मागे जातो आणि त्याला तो छंद म्हणतो. इकडे तोच ब्रिटिश अंमल संस्थानावर देखरेख ठेवून होता, शिरगणतीची पद्धतही त्याचीच होती. फरक इतकाच, की त्यांच्या घरची माणसं लिहिली गेली आणि आपली मोजली गेली.

आपल्याशी खरी जुळते ती आयर्लंडची गत. जून १९२२ च्या अखेरीस, यादवीच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या चार शिरगणत्या बहुतांश राख झाल्या. १८६१ आणि १८७१ ची पत्रकं सरकारनेच आधी नष्ट केलेली होती, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्याला गेली. उरल्या १९०१ आणि १९११. त्यामुळे आयरिश माणूस पूर्वज शोधायला निघाला की आपल्यासारखाच जमिनीच्या कागदाकडे वळतो. १८४७ ते १८६४ या काळात कर बसवण्यासाठी रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली घर आणि शेताची आकारणी झाली. कोणत्या गावात कोण कसतो आणि मालक कोण, ते तीत आहे. आपल्या १९५४-५५ च्या खासरा पत्रकाचा हा आयरिश भाऊच. कॅथलिक चर्चच्या वह्या सरकारी दफ्तरात नव्हत्या म्हणून आगीतून वाचल्या, आणि २०१५ पासून त्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट पाहायला ठेवली आहेत.

तिथली एक हकीकत मला आपल्याकडच्या धावपळीच्या फार जवळची वाटते. १९०९ च्या जानेवारीत सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झाली. वय सिद्ध कसं करायचं? आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची नोंदणीच १८६४ पासूनची. मग म्हाताऱ्यांनी अर्ज केले, की १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत माझ्या आईबापाचं घर पाहा, मी त्यात लहान मूल म्हणून असेन. कारकुनांनी पाहून उतारे दिले. पुढे मूळ शिरगणती जळाली, पण ते अर्ज आणि उतारे उरले, आणि आज तेवढ्याच घरांची माहिती त्यांच्यातून मिळते. हक्कासाठी केलेली वणवण पुढच्यांसाठी दफ्तर होऊन बसली. आपल्या तालुक्यातल्या पडताळणीच्या फायलीही अशाच जपल्या गेल्या, तर आणखी शंभर वर्षांनी त्यांची किंमत गॅझेटापेक्षा जास्त असेल.

दफ्तरं आपल्याकडेही जळाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी म्हणजे जकातीचे नाके पेटले, काही गावांत पटवाऱ्यांची दफ्तरंही गेली. निजामाविरुद्धचा राग कागदावर निघाला, कारण निजाम गावात दिसायचा तो कागदातूनच. जे वाचलं त्यातलं पुष्कळसं पटवारी-कुलकर्ण्यांच्या वाड्यात माळ्यावर पडलं, कारण वतनदारीत गावचं दफ्तर हे जवळजवळ घरचंच मानलं जाई. वाडे पडले, दफ्तरं वाळवीला गेली.

याच मराठवाड्यात इंग्रज-आयरिश घराण्यांचे पूर्वज मात्र सुखरूप नोंदलेले आहेत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली हा डब्लिनचा. त्याच्या हाताखालच्या गोऱ्या पलटणींची हजेरीपत्रकं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. १८५१ मध्ये ब्रिटिशांनी जुन्या हिंदी लढायांसाठी पदक काढलं, तेव्हा असईचे जे शिपाई अठ्ठेचाळीस वर्षांनीही हयात होते त्यांची नावं पुन्हा एकदा यादीत चढली. जालन्याच्या छावणीतल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून नकला वरती जात. हैदराबादची तैनाती फौज मद्रास लष्कराची, म्हणून त्या मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या जुडग्यात पाहाव्या लागतात. ती जुडगी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. असईच्या शिवारात समोरच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायाच्या खापरपणतूला मात्र अशी एकही वही दाखवता येत नाही.

फाट्यावरचा शोधही अशा कुठल्या कुठे गेलेल्या कागदांनी अडवला. इथून मंठ्याकडे निघालं की थोड्याच वेळात जालना जिल्हा लागतो. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून निघून तिकडे गेलं, १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली. त्यामुळे आजोळ एका जिल्ह्यात आणि त्याचे जुने कागद दुसऱ्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, असं होतं. वरिष्ठ कचेऱ्यांचे कागद तर हैदराबादला. समितीलाही तिथे जाऊन फारसी-उर्दू दफ्तर पाहावं लागलं. संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, गावपातळीवर मोडी चालूच राहिली. म्हणजे एकाच घराण्याचे कागद फारसी, उर्दू आणि मोडीत विखुरलेले. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्या पिढीने निजामी शाळेत तहतानिया, वस्तानिया, म्हणजे प्राथमिक आणि मधल्या इयत्ता, करून उर्दू शिकली, ती आता जवळपास संपली आहे.

कागद हाती आला तरी तो लगेच उलगडत नाही. त्यावरचं साल बहुधा फसली, म्हणजे निजामी महसुली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. १३५५ फसली म्हणजे १९४५ चा ऑक्टोबर ते पुढचं वर्ष. आडनाव शोधत बसू नये, ते नसतंच. अमुक वल्द तमुक एवढंच असतं, बाईचं नाव आलं तर 'भ्र.' लावून नवऱ्याच्या नावाच्या आधाराने. एकाच गावात तीन मारोती वल्द सखाराम निघाले तर सर्व्हे नंबर आणि शेजाऱ्यांची नावं जुळवूनच घर ठरवावं लागतं. वय तर मुळीच धरू नये. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची आहे. बायकांचं माहेर तर बहुतेक वह्यांत कुठेच नाही, त्यामुळे वंशावळीचं निम्मं झाड कागदावर उगवतच नाही.

सरकारी वह्यांच्या बाहेरही एक दफ्तर आहे, त्याकडे या धांदलीत फार कमी लोक वळले. त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे. गाव आणि आडनाव सांगितलं की आजा-पणजा कधी आला, सोबत कोण होतं, कोणाचं पिंडदान केलं, हे काही घराण्यांच्या बाबतीत निघतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांच्या सूक्ष्मफिती अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने करून नेल्या आहेत. तिथेही तीर्थयात्रेचा खर्च ज्यांना झेपला त्यांचीच नावं आणि ज्यांना पायरीवर चढू दिलं त्यांचीच, हे ध्यानात ठेवावं. जातपडताळणीत या चोपड्यांचं वजन किती धरायचं हा कायद्याचा प्रश्न, पण घराण्याचा माग काढायचा असेल तर त्यांच्याइतका बोलका कागद दुसरा नाही.

शोधाची हौस कुठवर जाते, याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. शिर्डीच्या साईबाबांचं मूळ पाथरीचं, असं सांगणारं संशोधन गेल्या शतकात झालं, तिथलं एक घरही दाखवलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये सरकारने पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा केली आणि त्याच्या निषेधात शिर्डी बंद झाली. ज्या माणसाने आयुष्यभर नाव-गाव-जात उघडपणे सांगितलं नाही, त्याच्या घराण्यावरून दोन गावं भांडली.

२ सप्टेंबर २०२५ ला, जरांगे पाटलांचं मुंबईत आझाद मैदानावरचं उपोषण सुटताना, सरकारने हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला. गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती करून चौकशी करायची, आणि जमिनीचा कागद नसेल त्याने पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्याच भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, अशी ती तजवीज आहे. दोन वर्षांत कोट्यवधी पानं उलटल्यावर शेवटी गावाच्या तोंडी साक्षीलाच काही जागा द्यावी लागली. माझ्या मते ही कागदांची हार आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केलेली बरी. ज्या राजवटीने नावं ठेवलीच नाहीत, तिच्या दफ्तरातून सगळ्यांची नावं निघतील ही अपेक्षाच चूक होती.

आता घरोघरी काही जुने कागद बाहेर आले आहेत, ट्रंकेतून, देव्हाऱ्यामागून, पडक्या वाड्यातून. ज्यांच्याकडे असे असतील त्यांना एकच विनंती. ते फाट्यावरच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करू नका. उष्णतेने आणि प्लास्टिकने जुना कागद कायमचा अडकतो, पुढे तो ना दुरुस्त करता येतो, ना शाई तपासता येते. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, मागचे शिक्के आणि शेरेही येऊ द्या. मूळ कागद घडी न घालता कोरड्या सुती कापडात ठेवा आणि मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्याकडे न्यायचे ते फोटो न्या, मूळ कागद नव्हे.