टॅब्लेट आला, पण विचारले कुणाला?

शाळेत संगणक किंवा टॅब्लेट आला की फीत कापली जाते, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. ही वस्तू कुणी निवडली आणि कुणाला विचारून निवडली, हे मात्र कुणी विचारीत नाही. न विचारल्याचा परिणाम अमेरिकेतील लॉस एंजेलिसने भोगला आहे.

तेथील सरकारी शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते. विद्यार्थी सहा लाखांच्या वर होते, बहुसंख्य लॅटिनो आणि गरीब घरचे. २०१३ साली प्रत्येकाच्या हाती आयपॅड देण्याचे ठरले. श्रीमंताच्या मुलाला घरी जे मिळते ते गरिबाच्या मुलाला शाळेत मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पहिला करार सुमारे ३ कोटी डॉलरचा झाला. यंत्र अ‍ॅपलचे, अभ्यासक्रम पिअर्सन कंपनीचा आणि तो खरेदीच्या वेळी पूर्ण तयारही नव्हता! काही आठवड्यांतच मुलांनी यंत्रावरची बंधने मोडली. २०१४ च्या पाहणीत २४५ वर्गांपैकी एकाच वर्गात तो अभ्यासक्रम वापरात आढळला. निविदेआधीच अधीक्षकांचा या कंपन्यांशी पत्रव्यवहार चालू होता, हेही उघड झाले. करार थांबला, अधीक्षकांनी राजीनामा दिला. चौकशीतून कुणावरही आरोप ठेवला गेला नाही, पण मुलांची वर्षे गेली ती गेलीच.

यंत्र आधी ठरले, शिकवायचे काय ते नंतर. आमच्या मते चूक येथेच झाली.

आपल्याकडे वेगळे काय घडते? जिल्हा परिषदेच्या शाळेत आज आपलीच लेकरे शिकतात. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात सरकारला बजावले होते की, अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. पैशाचा हिशेब मागणे ही आपली परंपरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात स्थान दिले. अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे या समितीचेच काम आहे.

तेव्हा वस्तीतल्या आईबापांनी नुसत्या सह्या करून उठू नये. वीजबिल कोण भरणार? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? धडे मराठीत आहेत काय? गुरुजींना प्रशिक्षण दिले काय? आणि यापेक्षा आधी एक शिक्षक हवा होता काय? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, मगच सही करा. यंत्र फुकट येत नाही, ते आपल्याच लेकरांच्या वाट्याच्या पैशातून येते.