राउटरला नेट आहे, फोनला नाही! असं का होतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. एक काम आधी करा, याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कारण ज्या दिवशी हे लागेल, त्या दिवशी घरात नेट नसेल.

विषय ओळखीचा आहे. वाय-फायच्या काड्या फुल्ल, खाली मात्र ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "राउटर बंद करून चालू करा." तरी जमलं नाही की, "राउटर गेलाय, नवीन घ्या." दीड-दोन हजार खर्च करण्याआधी आत काय चाललंय ते समजून घेऊ.

वॉचमनची वही

समजा, तुमची सोसायटी म्हणजे तुमचं घरचं नेटवर्क. फ्लॅट ३०२ म्हणजे तुमचा फोन. तुम्ही बाहेर पत्र पाठवलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं ‘फ्लॅट ३०२’ लिहिलं, तर उत्तर येईल का? नाही, कारण ३०२ तर गल्लोगल्ली आहेत. म्हणून गेटवरचा वॉचमन त्यावर सोसायटीचा पूर्ण पत्ता आणि एक टोकन नंबर टाकतो, आणि वहीत लिहून ठेवतो, ‘टोकन अमुक, फ्लॅट ३०२’. उत्तर आलं की वही बघून बरोबर दारात देतो.

हेच नॅट, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन. वॉचमन म्हणजे राउटर, टोकन म्हणजे पोर्ट नंबर. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ते घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. हा खटाटोप कशाला? कारण आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले.

आता तपासणी, क्रमाने

मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप तिकडून नेट घेईल आणि तुमची फसगत होईल.

१. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आपला आयपी पत्ता बघा. पत्ता नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटर पत्ताच देत नाहीये. ही डीएचसीपीची गडबड, नॅटची नाही.

२. तिथेच ‘गेटवे’ दिसेल, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका (अंक अर्थात इंग्रजीत). लॉगिन राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतं. स्टेटसमध्ये ‘वॅन’चा पत्ता बघा. ०.०.०.० असेल तर लाइनच जोडली गेलेली नाही. इथे तुम्ही काही करू नका, कंपनीला फोन लावा.

३. वॅनला पत्ता आहे? मग राउटरच्या ‘डायग्नोस्टिक्स’ पानावरून ८.८.८.८ ला पिंग करा. मग तेच लॅपटॉपवरून करा, किंवा फोनवरच्या पिंग ॲपमधून. दोन्हीकडून उत्तर येतंय पण साइट उघडत नाही? मग दोष डीएनएसचा. राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

४. राउटरवरून उत्तर येतं, फोनवरून नाही? मग पहिला संशय नॅटवर. वॅन सेटिंगमध्ये इंटरनेटचं कनेक्शन उघडा आणि ‘इनेबल नॅट’ची टिक आहे का बघा. नसेल तर टिक करा, अप्लाय करा.

सांगलीला माझ्या मावशीकडे नेमकं हेच निघालं. कंपनीच्या माणसाने कनेक्शन नव्याने टाकलं, ती टिक राहिली. लाइट हिरवे, वॅनला पत्ता, तरी एकाही फोनला नेट नाही. फोनची पाकिटं बाहेर जात होती, पण पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं ‘फ्लॅट ३०२’! उत्तर येणार कुठून? मावसबहिणीच्या ॲडमिशनच्या राउंडला ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि तिकडून सल्ला नवीन राउटरचा. फोनवरून एक टिक करून घेतली आणि फॉर्म भरला गेला.

दोन वॉचमन

कंपनीच्या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडला की नॅट दोनदा होतं. ब्राउझिंग चालतं, पण गेममध्ये ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ दिसू लागतं. दोघांचे आतले पत्ते १९२.१६८.१ चेच असतील तर नेट बंदही पडू शकतं. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका.

आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर? तो सीजीनॅट. कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. रोजच्या वापराला अडचण नाही, पण घरचा कॅमेरा बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग केलंत तर ते चालणार नाही. मुख्य वही तुमच्या हातातच नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा.

हे मात्र करू नका

ते बारीक छिद्रातलं रीसेट बटण पिनने दाबू नका. युजरनेम-पासवर्डसकट सगळी सेटिंग उडतात, मग माणूस येईपर्यंत बसा. बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि गेमसाठी कोणी ‘डीएमझेड चालू कर’ म्हणालं तर ऐकू नका. त्याने ते डिव्हाइस सरळ बाहेरच्या जगासमोर उघडं पडतं.

तुमच्या वॅनचा पत्ता कशाने सुरू होतो, ते आजच बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात!